ओट्यावर ठेवलेलं घड्याळ

माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलंच लिहायचं असतं. हे गृहस्थ अजून आहेत, चांगले खणखणीत आहेत, त्यामुळं माझ्यावर तसं काही बंधन नाही. मला त्यांचा राग आहे. थोडाथोडका नाही, पोरवयापासूनचा आहे, आणि गेल्या वर्षी त्यात जी भर पडली ती वेगळीच.

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं ते वळलंच. ती बोटं वळत होती तेव्हा हा माणूस रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या दारात उभा असायचा. मी आरोग्य सेविका आहे. गावभर फिरून लोकांचे हातपाय बघायचे, ह्याचाच मला पगार मिळतो. आणि मी काय बघत होते, तर त्यांचं घड्याळ. त्या घड्याळाचं नाव काढलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

आमचं गाव आष्टी तालुक्यात. पाण्याचं काय सांगायचं, नळाला चार दिवसांनी येतं आणि उन्हाळ्यात आठवडा उलटला तरी वाट बघावी लागते. ते सोडायचं काम ह्यांच्याकडं. उंच, वाळका माणूस, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, खांद्यावर लोखंडी पाना. वॉल फिरवायची ती लांब दांडी, तिला आमच्याकडं पानाच म्हणतात. कमरेला एक मळकी पिशवी, तिच्यात पाइपाच्या जोडाला गुंडाळायची सुतळी आणि सफेदा. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. चाळीस म्हणतात. चाळीस आला, चाळीस गेला. प्रत्येक आळीला चाळीस मिनिटं पाणी, हा त्यांचा कायदा. पंचायतीनं तो कधी लिहून दिला नव्हता. त्यांनीच कधीतरी टाकी आणि आळ्यांचा हिशोब लावून ठरवला, आणि पुढं कितीक सरपंच आले नि गेले, तो काही हलला नाही.

मनगटावर त्यांच्या लग्नातलं चावीचं घड्याळ. रोज सकाळी रेडिओच्या ठोक्याला ते लावायचं, चावी द्यायची आणि मग घराबाहेर पाऊल. गावाचा मुख्य वॉल आमच्या ओट्यासमोरच्या खड्ड्यात आहे, म्हणून दिवसाची सुरुवात आमच्या दारातून. ह्यातला विनोद बघा. भीमनगरच्या, म्हणजे आमच्या आळीच्या, दारावरून सगळ्या गावाचं पाणी जाणार आणि भीमनगरच्या नळाला ते सगळ्यात शेवटी येणार. पाइप कुणी आणि कसे टाकले ते मी इथं सांगत बसत नाही, ते ह्यांनी टाकलेले नव्हते एवढं मात्र खरं.

वॉल उघडला की ते पान्याच्या मुठीला कान लावून डोळे मिटायचे. पाणी कुठवर पोचलं ते त्यांना त्या लोखंडातून ऐकू यायचं. "पाराला वळलं," म्हणायचे, आणि तेवढ्यात पाराकडून हंड्यांचा नि बायकांचा गलका. आम्ही पोरं चाट पडायचो. वॉलना त्यांनी नावं ठेवलेली. आमच्या दारातली म्हातारी. "म्हातारी आज कुरकुरतीय," म्हणत खड्ड्यात उतरायचे आणि तिच्याशी बोलत अकरा वेढे मोजायचे. बायको लवकर गेली, घरात बोलायला कुणी नाही, म्हणून लोखंडाशी बोलतो बिचारा, असं माझी आई म्हणायची. आईला सगळ्यांचीच दया यायची. तो गुण माझ्यात उतरलेला नाही.

त्यांचं एक पालुपद होतं, "आदी उलटं, मग सुलटं." तोटी असो, पाइप असो, आटे बसवायचे तर आधी जरा उलटं फिरवायचं. उलटं फिरवताना एका जागी टक करून आटा आट्यात बसतो, बोटाला कळतो, आणि मग बिनघोर सुलटं. जो पहिल्याच झटक्याला सुलटा जोर लावतो त्याचे आटे चढतात आणि मग ते झाकण कुणाच्या बापाला नीट बसत नाही. माणसांनाही ते हेच माप लावायचे. भावकीत भांडण लागलं की म्हणायचे, "ह्येंचे आटे चढल्यात. आता जोर लावून उपेग न्हाई."

आता रागाचं सांगते. ह्या माणसानं आमच्या घरात कधी पाणी प्यायलं नाही. आई तांब्या घेऊन ओट्यावर यायची, हे हात जोडून म्हणायचे, "नको." उन्हानं जीव चाललेला असला तरी नकोच. आता भीमनगरातल्या पोरीला ह्या 'नको'चा अर्थ कुणी शिकवावा लागत नाही. वरच्या आळीतल्या माझ्या मैत्रिणीची आई मला ओंजळीत वरून पाणी ओतायची, आणि हे वरच्याच आळीतले. आई तांब्या आत घेऊन जायची आणि म्हणायची, असंल त्यांना तहान नसंल. मी दारामागून बघायची आणि मला आईचाही राग यायचा.

माझे वडील गेले तो दिवस नेमका आमच्या आळीच्या पाण्याचा होता. मे महिना. घर माणसांनी भरलेलं, वडिलांना अंघोळ घालायची, आल्यागेल्याला घोटभर पाणी द्यायचं, आणि नळाची धार करंगळीएवढी. एक टाकी भरत आली नि चाळीस मिनिटं झाली. आई त्या दिवशी कधी नव्हे ती घराबाहेर खड्ड्यापाशी गेली. "पाचच मिनिटं द्या, दादा," म्हणाली. त्यांनी घड्याळाकडं बघितलं.

"पाच तुमाला दिली तर उद्या खालच्या आळीला कुटनं देऊ?" एवढंच बोलले आणि म्हातारी बंद केली. अकरा वेढे. मी मोजले. मी बारावीला होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी घागरी आणून दिल्या म्हणून आमचं भागलं.

पुढं सरपंचाच्या मुलीच्या लग्नात, मांडव पडलेला, आचारी चुलीपुढं बसलेले, तिथंही ह्यांनी चाळीसला वॉल बंद केला. गाव पोट धरून हसलं. मी हसले नाही. सगळ्यांना सारखं छळतो म्हणून कुणी न्यायी होत नसतो. त्या पाच मिनिटांबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि हे लिहायला बसले म्हणून आता करणारही नाही.

त्या लग्नापासून पंचायतीतल्या लोकांना हा माणूस नकोसा झाला होता. पण जुने वॉल कुठंकुठं पुरलेत ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. म्हणून साठी उलटल्यावर त्यांना रोजंदारीवर ठेवलं. हात चालतोय तोवर ठेवू, असं ग्रामसेवकानं चारचौघांत तोंडावर सांगितलं होतं. हात थांबला की पाना काढून घेणार. आणि पाना गेला की ह्या माणसाजवळ उरणार काय, तर रिकामं घर.

मुलगा पुण्याला कंपनीत आहे. जुनं घड्याळ बंद पडलं, दुरुस्त होईना, तेव्हा त्यानं बापाला नवं पाठवलं. ऑटोमॅटिक. सेल नाही, चावी द्यायची नाही, हात हलला की आपोआप चालतं. पाण्यात काम करणाऱ्या बापासाठी त्यानं मुद्दाम पाण्यातलं बघून घेतलं होतं. ह्या घड्याळाची चावी नुसती आत ढकलून भागत नाही. तिला आटे असतात. बाटलीच्या झाकणासारखी फिरवून घट्ट बसवावी लागते, तेव्हा आत पाणी शिरत नाही. टाइम लावायचा तर चावी उघडायची, लावून झाला की परत आवळायची. पोरानं हौसेनं दिलं होतं, त्याचा काही दोष नाही.

पहिल्या दिवशी मी ओटा झाडत होते. ते आले. "शिस्टर, बगा बरं जरा. चावी बसत न्हाई."

मी लहान असताना मला पोरी म्हणायचे, नोकरी लागल्यापासून शिस्टर म्हणतात आणि अहोजाहो करतात. मी झाडू ठेवला, हात पुढं केला. त्यांनी मनगटावरून घड्याळ सोडलं, आणि माझा हात तसाच पुढं असताना ते त्या हातापासून वीतभर लांब, ओट्याच्या फरशीवर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरकले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज मी सरकारी नोकर आहे, ह्यांच्या गल्लीतल्या लेकरांना लस मी टोचते, त्याच गल्लीतल्या सुनांची बाळंतपणं माझ्या हातांनी झालीत, आणि हा माणूस अजून माझ्या हातात वस्तू देत नाही. वरून ठेवतो. तरी मी ते उचललं. दारात आलेल्याचं आधी बघायचं, मग त्याच्यावर तोंड टाकायचं, ही नोकरीची सवय.

चावी बसेना. मी दाबून फिरवली, ती तिरकी होऊन बाहेर आली. परत फिरवली, परत तेच. लांबूनच ते म्हणाले, "जोर नका लावू. आटे चडतील. दाबा, आन आदी उलटं फिरवा. टक झालं का?" झालं. बोटाच्या टोकाला बारीक टक कळलं. "आता सुलटं." तीन वेढ्यांत चावी बसली.

दुसऱ्या दिवशी सहा दहाला परत हजर. हे घड्याळ म्हणे रोज पाव मिनिट पुढं जायचं. दुसऱ्या कुणाला त्याचं काय वाटलं असतं? पण हे चाळीस. रोज रेडिओच्या ठोक्याला लावल्याशिवाय त्यांना चैन पडेना. लावायला चावी उघडायची, ती कशीबशी उघडायचे, पण आवळता काही यायची नाही. उघड्या चावीनं खड्ड्यात हात घातला तर घड्याळात पाणी. म्हणून रोज माझं दार. मी चहा टाकलेला असायचा, मुलाचा डबा व्हायचा असायचा, आणि बाहेरून, "शिस्टर, चावी."

"पोराला म्हणावं परत घे."

"लई हौसेनं दिलंय त्यानं."

"मग घालू नका हातात."

"टाइम कशावर बगू मग?"

"मोबाइल काय पूजेला ठेवलाय?"

"मोबाइल खड्ड्यात पडतो." उत्तर तयार.

आणि दर वेळी घड्याळ ओट्यावर. एकदा मी हट्टानं तळहात अगदी त्यांच्या हाताखाली नेला. त्यांनी हात बाजूला घेतला, वाकले आणि घड्याळ फरशीवर ठेवलं. त्या दिवशी मीही ठरवलं. आवळून झालं की मीसुद्धा ते ओट्यावर ठेवायचं आणि हात मागं घ्यायचा. घ्या म्हणावं उचलून. त्यांना ते उचलायला वेळ लागायचा. डाव्या हातानं फरशीच्या कडेपर्यंत सरकवायचे आणि खाली उजवा तळवा धरून त्यात पाडून घ्यायचे. एवढं वाकून, एवढा खटाटोप करून. मी दारात उभी राहून बघायची आणि मला बरं वाटायचं. हो, बरं वाटायचं. लिहायचंच तर खरं लिहावं.

एकदा मी चिडून म्हणाले, "मला लांबनं शिकवता, एवढं कळतंय तर तुमचं तुमी कावून बसवत न्हाई?"

"बोटं जाड झाल्यात," म्हणाले.

"बोटं जाड झालीत का अक्कल?" हे मी मनात नाही म्हणाले, चांगलं मोठ्यानं म्हणाले. त्यांनी उजव्या हाताकडं बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मी आत निघून गेले. गॅसवर दूध होतं.

महिन्यानं आष्टीला मीटिंग होती. ह्या रोजच्या कटकटीचा एकदा निकाल लावायचा म्हणून मी त्यांच्याकडून घड्याळ मागून घेतलं आणि बाजारातल्या घड्याळवाल्यापुढं आपटलं. त्याला म्हटलं, ह्याची चावी खराब आहे, बसत नाही, तसं एका कागदावर लिहून द्या, पोराला परत पाठवू दे. त्यानं चावी उघडली, आवळली. परत उघडली, परत आवळली. भिंग लावून आटे बघितले. म्हणाला, "ताई, घड्याळात काही नाही. असलं तर बोटात असंल."

मला वाटलं, माझी चेष्टा करतोय. त्याच्याशीही मी भांडून आले. एवढं स्वच्छ सांगितलं होतं त्या माणसानं, फुकटात सांगितलं होतं, आणि मी बसमध्ये आष्टीपासून गावापर्यंत धुसफुसत आले.

त्याच पंधरवड्यात कुष्ठरोगाची घरोघरची तपासणी होती. दरवर्षी असते. अंगावर चट्टा आहे का, हातापायाला मुंग्या येतात का, बधिरपणा आहे का, शर्टाची बटणं लावता येतात का, हातातून वस्तू निसटते का. हे प्रश्न मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येतील. पुरुषांना पुरुष कर्मचाऱ्यानं तपासायचं असतं. त्या दिवशी आमचा कर्मचारी आलाच नाही, आणि मी त्यांच्या आळीत एकटी गेले. ते अंगणात बसले होते, अंगात बिनबटणांची बंडी. मी अंगणाच्या बाहेरूनच मोठ्यानं विचारलं, तेही त्यांच्याकडं न बघता, कागदाकडं बघून.

"चट्टा?"

"न्हाई."

"मुंग्या, बधिरपणा?"

"न्हाई."

"बटणं लावता येतात?"

म्हणाले, "बटनाचं घालतोय कुटं मी आता?"

मी तिथंही 'त्रास नाही' लिहिलं, दारावर खडूनं खूण केली आणि पुढच्या घरी गेले. पस्तीस वर्षं ह्या माणसाला बटणांच्या शर्टात बघितलं होतं मी. घरं उरकायची होती, ऊन चढलं होतं, आणि माणूस नावडता होता.

त्यानंतर तीन आठवडे गेले असतील. सकाळी सहा दहा. "शिस्टर, चावी." घड्याळ ओट्यावर. मी उचललं आणि बोटाला काहीतरी चिकट लागलं. चावीवर रक्त होतं. चावीच्या कडेला बारीक दाते असतात, त्या दात्यांत रक्त सुकलेलं आणि वर ताजं.

"हे काय?" मी विचारलं.

"कशाचं काय?"

"रक्त कुणाचं आहे हे?"

 त्यांनी स्वतःच्या हाताकडं बघितलं, आधी डाव्या, मग उजव्या. उजव्या तळव्याची करंगळीखालची कड चिरलेली होती, आणि तिथून रक्त मनगटाकडं ओघळत होतं. त्यांना पत्ताच नव्हता. माझ्या दारात येण्यापूर्वी घरी रोज ते स्वतः प्रयत्न करायचे. डाव्या हाताला असलं बारीक काम कधी जमलं नाही आणि उजव्याच्या चिमटीत जोर येत नाही म्हणून तळव्याच्या कडेखाली चावी दाबून घासत घासत फिरवायचे. त्या दिवशी बराच वेळ फिरवली असणार.

मी आतून पेन आणलं. "बसा इथं. ओट्यावर. डोळे मिटा." बसले, मिटले. मी त्यांचा हात धरला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. पेनचं टोक अंगठ्याला टेकवलं, "लागतंय," म्हणाले. मधल्या बोटाला टेकवलं, "लागतंय." करंगळीला टेकवलं. काही नाही. शेजारच्या बोटाला, काही नाही. करंगळीखालच्या कडेला दाबलं, जखमेजवळ दाबलं. ते डोळे मिटून शांत बसलेले. थोड्या वेळानं म्हणाले, "लावा की मग." मी लावतच होते.

बाही वर सारली. कोपराच्या वर दोन बोटं, फिकट चट्टा. कोपरामागची नस हाताला सुतळीसारखी जाड लागली.

"कधीपासून आहे हे?"

"घड्याळ आलं त्याच्या आदीपासनं. करंगळीकडनं मुंग्या यायच्या. मग मुंग्या बी बंद झाल्या. म्हनलं, बरं झालं."

"मी घरी आलते ना विचारायला? तोंड शिवलं होतं का?"

"आळीत समदे बगत व्हते. तुमी अंगनाच्या भाईरनं वरडून इच्यारलं. तिथं काय सांगू? त्या रोगाचं नाव निगालं असतं तर त्याच सांजंला पाना काडून घेतला असता."

हे खरं होतं. मी ओरडूनच विचारलं होतं. पुढचा प्रश्न मला विचारायचा नव्हता, पण निघून गेला. "आणि माझ्या हातात घड्याळ का देत नव्हता? एवढा विटाळ होतो का माझा?"

ते गोंधळले. खरंच गोंधळले. त्यांना त्या शब्दाचा इथं काय संबंध तेच कळेना. मग हळूहळू कळलं असावं, कारण मान खाली गेली. "तुमचा न्हाई ओ," म्हणाले. "माझा. तुमाला लागू नये म्हनून लांब ठेवायचो. घरात लेकरू हाय तुमच्या."

"अहो, असं हात लावून लागत नसतं. औषध चालू केलं की त्याची भीती नाही. शंभरदा सांगत फिरते मी गावात." मी ओरडत होते. "मग लागू नये एवढी काळजी होती तर माझ्याच दारात कशाला यायचात रोज?"

"घड्याळ काय, किराणावाला बी बसवून देतो," ते म्हणाले. "तुमी शिस्टर. मला तोंडानं सांगता येत नव्हतं. म्हनलं, रोज फुडं हुबं ऱ्हायलं तर एक ना एक दिस हाताकडं बगत्याल."

मी त्यांना त्यानंतर वाट्टेल ते बोलले. शेजारची माणसं दारात आली तरी बोलत होते. मूर्ख म्हणाले, हेकट म्हणाले, स्वतःच्या हातानं स्वतःचा हात घालवला म्हणाले. सगळं त्यांना म्हणत होते आणि सगळं मला लागू पडत होतं. ते बसल्या जागी ऐकत होते आणि मधूनच खड्ड्याकडं बघत होते. सहा चाळीस झाले होते. जन्मात पहिल्यांदा गावाला पाणी सोडायला उशीर झाला होता.

त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. गोळ्या फुकट मिळतात, पूर्ण बरं करणारं औषध आहे, ते त्यांनी घड्याळ लावून घेतलं, एक दिवस चुकवला नाही. रोग गेला. बोटं नाही आली. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने आधी आणलं असतंत तर नस वाचली असती. दोन-तीन महिने आधी त्यांचं घड्याळ माझ्या ओट्यावर होतं. मी मान हलवली आणि कागदावर सही केली.

पाना गेला. रोगाचं नाव मी कुणाला कळू दिलं नाही, पण वळलेली बोटं कुठं लपवणार? नवा माणूस ठेवलाय. सरपंचाच्या आळीला दीड तास पाणी येतं, भीमनगरला पंधरा मिनिटं, तीही आलीच तर. पंचायतीत जाऊन मी दोनदा भांडून आले. तिथं बोलता बोलता माझ्या तोंडून निघालं, "चाळीस म्हणजे चाळीस." निघाल्यावर माझी मलाच लाज वाटली की काय झालं कुणास ठाऊक, मी वाक्य अर्धवट सोडून बाहेर आले.

पाण्याचंही एकदा विचारलं. आमच्या घरात पस्तीस वर्षं घोट का घेतला नाही? तर म्हणाले, लाइनीवरच्या एकाही घरात घेतला नाही, पाटलाच्या सुद्धा नाही. पाणी सोडणारानं कुणाच्या घरात पाणी घेतलं की लोक म्हणणार, त्या घराला टाइम वाढवून दिला. मी म्हटलं, हे एकदा माझ्या आईला सांगायला काय झालं होतं? ती तांब्या घेऊन आत जायची तेव्हा तिच्या मनात काय यायचं, ते तुम्हाला कधी कळायचं नाही. आई जाऊन आता सहा वर्षं झाली.

अजून ते सकाळी सहा दहाला येतात. काम नाही, पण पायांना सवय. ओट्यावर बसतात. मी बोटांना तेल लावून ती ताणते. त्यांनी रोज घरी करायचा व्यायाम आहे तो, पण ते करत नाहीत म्हणून मी करून घेते, आणि करून घेताना बोलते. मग चहा देते, तो आता घेतात. मग घड्याळ.

"ओट्यावर नाही," मी म्हणते. "हातात द्या."

ते वळलेल्या बोटांनी धरून देतात. घड्याळ निसटून माझ्या मांडीवर पडतं. एकदा फरशीवर पडलं, तेव्हापासून काचेला एक चीर गेलीय.

"परत."

परत पडतं. कधी तिसऱ्यांदा, कधी चौथ्यांदा ते माझ्या तळहातात येतं. मग मी त्यांचा अंगठा आणि पहिलं बोट चावीवर ठेवते, वरून माझी बोटं दाबते. "आधी उलटं," म्हणते. "मला शिकवता व्हय," म्हणतात. आम्ही दोघं मिळून उलटं फिरवतो. अंगठ्याला अजून लागतं, पण त्यात जोर उरलेला नाही, आणि एवढं बारीक टक त्यांच्या बोटाला आता कळत नाही. म्हणून ते मान वाकडी करून घड्याळाला कान लावतात, डोळे मिटतात, पान्याला लावायचे तसे. समोर खड्ड्यात नवा माणूस म्हातारीला शिव्या देत असतो. मी वाट बघते. डबा राहिलेला असतो, दूध उतू जात असतं, आणि मी त्यांचा हात धरून वाट बघते.

"झालं," ते म्हणतात. "आलं ऐकू."